दुसरा रकाना

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात 'आभार' म्हणून एक परिच्छेद असतो. तो दिसला की माझं डोकं फिरतं. ज्यांच्याकडून काम करून घेतलं, पण ज्यांचं नाव वर घ्यायची दानत झाली नाही, अशी माणसं तिथे कोंबलेली असतात. अमुक यांचे मदतीबद्दल आभार. मदत कसली डोंबलाची, अर्धं काम त्यांनीच ओढलेलं असतं. मी हे इतक्या तावातावाने बोलते, कारण एका बाईंच्या बाबतीत मी ह्याहून वाईट केलं आहे. नुसतं आभारात टाकून थांबले असते तरी परवडलं असतं.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण माझ्या नात्यात, शेजारात ते कुणालाच धड माहीत नाही. ताऱ्यांवर पीएच.डी. करते म्हटलं की समोरचा माणूस पत्रिका काढतो. एका लग्नात नवऱ्याच्या आत्याने हातात जेवणाचं ताट असताना मला विचारलं होतं, "मग आमच्या हिचा मंगळ किती कडक आहे ते बघून सांग ना." दुसरे म्हणतात, रात्र रात्र जागत असशील. मी दहाला गाढ झोपते. आकाशात मला सप्तर्षी सोडून काही ओळखता येत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. माझे तारे दुपारी, लॅपटॉपवर, पंख्याखाली बसून बघायचे असतात. अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेले फोटो कुणालाही फुकट मिळतात. ते उतरवून घ्यायचे आणि डोळे फुटेस्तोवर बघायचे.

त्यात एक सर्पिल दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, भुजा पसरून गरगर फिरणारी. तिच्यात तारे एकेकटे जन्मत नाहीत, हजारोंच्या घोळक्याने जन्मतात. त्या घोळक्याला तारकागुच्छ म्हणतात. माझं काम त्या गुच्छांची खानेसुमारी. किती आहेत, कुठे आहेत आणि प्रत्येकाचं वय काय. वय रंगावरून काढतात. कोवळा गुच्छ निळा, म्हातारा गुच्छ लालसर. पण ह्यात एक गोम आहे. कोवळ्या गुच्छापुढे धूळ आली, की तोही लालसर दिसतो. मग संगणक त्याला म्हातारा ठरवून मोकळा होतो. संगणकाला धूळ आहे की नाही हे आधी माणसाने सांगावं लागतं. ते सांगण्यासाठी प्रत्येक गुच्छ डोळ्यांनी बघायचा आणि तक्त्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं.

हे एकट्या माणसाने करायचं नसतं. माणसाचा डोळा फसतो, म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता, आपापला रकाना भरायचा. जिथे पटत नाही तिथे नंतर एकत्र बसून भांडायचं आणि ठरेल ते तिसऱ्या रकान्यात लिहायचं. पहिल्या दोन रकान्यांना मात्र हात लावायचा नाही. आमच्या धंद्यात ह्यापलीकडे सोवळंओवळं फारसं नाही.

माझ्या जोडीदार होत्या हरसूलकडच्या एका आश्रमशाळेतल्या विज्ञानाच्या बाई. मी त्यांना बाई म्हणायचे, त्या मला मॅडम. खरं तर त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालेल्या. पण मी नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजात शिकवते ना, म्हणून मी मॅडम. त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नव्याने हात जोडायचे, हे त्यांना माहीत होतं. तरीही मॅडम.

शिक्षकांच्या एका शिबिरात मी दीर्घिकांवर बोलले होते. सगळे चहाकडे पळाले तेव्हा ह्या एकट्या वहीत प्रश्न लिहून उभ्या होत्या. प्रश्न असे, की त्यांतल्या दोनांची उत्तरं मला घरी जाऊन शोधावी लागली. त्यांना पीएच.डी. करायची होती. एकदा मुलाखतीला जाऊन आल्या होत्या. तिथल्या एका शहाण्याने त्यांना तोंडावर विचारलं, आश्रमशाळेत पोरींच्या जेवणाच्या पंगती सांभाळून संशोधन कसं करणार? आधी एखाद्या छापलेल्या शोधनिबंधात नाव दाखवा, मग या. वर्षभराने पुढची मुलाखत होती. ते एक नाव त्यांना हवं होतं. बाकी माझ्याकडून त्यांनी कधी काही मागितलं नाही.

म्हणून आम्ही ठरवलं. दर रविवारी त्या बसने नाशकात यायच्या, पेन ड्राइव्ह द्यायच्या आणि पुढच्या चित्रांचा पेन ड्राइव्ह घेऊन जायच्या. शाळेत नेट म्हणजे नावालाच. लॅपटॉपही त्यांच्याकडे नव्हता. पण शाळेला कुठल्याशा योजनेतून एक भलामोठा टीव्ही मिळाला होता. वीज असली आणि मुली जेवायला गेल्या, की बाई त्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायच्या आणि एकेक गुच्छ ताटाएवढा मोठा करून बघायच्या. मग शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आपला रकाना भरायच्या. 'आहे', 'नाही', आणि कडेला मला समजावं म्हणून एखादी ओळ.

चौथ्या की पाचव्या आठवड्यात एका भुजेची चित्रं आली. तिच्यात लालसर गुच्छ पुष्कळ होते. मी सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं. धूळ नाही, म्हणजे म्हातारे. बाईंचा रकाना आला तर त्यांतल्या बहुतेकांपुढे 'आहे'. कडेला लिहिलेलं, "लय बारीक धूर हाय. तिरका गेलाय." मला इतका राग आला. विद्यापीठातल्या सरांना, माझ्या मार्गदर्शकांना, मी फोनवर आधीच सांगून बसले होते की ह्या भुजेत म्हाताऱ्या गुच्छांची गर्दी आहे. सर खूश झाले होते. असं कुणी पाहिलेलं नाही म्हणाले, तक्ता उद्याच्या उद्या पाठव म्हणाले. आणि ह्या बाई म्हणतात धूर.

नियमाप्रमाणे रविवारपर्यंत थांबून, दोघींनी शेजारी बसून एकेक चित्र बघायला हवं होतं. मंगळवार होता. दोन तासांमधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, शेजारी कुणीतरी डबा उघडून शेपूची भाजी खात असताना मी माझा रकाना उचलला आणि पेन ड्राइव्हवरच्या फाईलमध्येच बाईंच्या रकान्यावर चिकटवला. कडेच्या ओळी पुसल्या. सगळं तंतोतंत जुळलं तर सरांना खटकेल, म्हणून चार-पाच ठिकाणचे मतभेद तसेच राहू दिले. इतकी अक्कल मला तेव्हा बरोबर सुचली. तक्ता पाठवला आणि पुढच्या तासाला जाऊन मुलींना प्रामाणिक निरीक्षण म्हणजे काय ते शिकवलं.

मनात काय होतं, तेही सांगून टाकते. ह्यांना काय कळतंय, असं होतं. शब्द हेच होते. तोंडाने मी बाईंशी कायम गोड बोलले, रविवारी पोहे खायला घातले, आणि मनात हे.

त्या रविवारी बाई आल्या. मी काही बोलले नाही. पुढची चित्रं त्याच पेन ड्राइव्हवर घालून दिली. त्यांनीही काही विचारलं नाही. त्यानंतर आमचे रकाने चांगले जुळायला लागले. मी स्वतःवर खूश. बाईंचा डोळा तयार झाला, असं मी सरांना ऐटीत सांगितलं.

सहा महिने असेच गेले. मग त्याच दीर्घिकेचे आणखी एका प्रकारचे फोटो उपलब्ध झाले. त्यांत फक्त तापलेल्या हायड्रोजनचा प्रकाश दिसतो. हा वायू फक्त अगदी कोवळ्या ताऱ्यांभोवती चमकतो. म्हाताऱ्या गुच्छाभोवती तो असूच शकत नाही, केव्हाच उडून गेलेला असतो. मी ते फोटो जुन्या फोटोंवर ठेवले. माझे सगळे म्हातारे दिवाळीतल्या पणत्यांसारखे उजळले होते. दहा अब्ज वर्षांचे म्हणून लिहिलेले गुच्छ पन्नास लाख वर्षांचेही नव्हते. मी कॉन्ट्रास्ट कमी केला. तो मी उगीचच चढवून ठेवलेला असायचा, कारण चित्र झकास दिसायचं. कमी केल्याबरोबर प्रत्येक गुच्छासमोरून एक फिकट काळी रेघ गेलेली दिसली. तिरकी.

मी त्या दिवशी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

सरांना मी चूक सांगितली, पण माझी चूक म्हणून, बाईंचं नाव न काढता. सर आधी ओरडले. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, एकदम लोण्यासारखा आवाज. म्हणाले, हे तर जास्त चांगलं झालं. धुळीमागचे कोवळे गुच्छ म्हातारे म्हणून कसे मोजले जातात आणि ते कसे पकडायचे, ह्यावर शोधनिबंध लिहू. तुझं नाव, माझं नाव. महिन्यात पाठवून देऊ.

मी म्हटलं, "सर, बाईंचं नाव?"

"त्या आश्रमशाळेतल्या? त्यांचे आभार मानू ना शेवटी."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, सर, सगळेच्या सगळे गुच्छ त्यांनीही बघितलेत, रविवारचे रविवार बसने येऊन. आणि ही धूळ मुळात त्यांनाच दिसली होती, मला नव्हे.

सर हसले. त्यांच्या हसण्याचा मला अजून राग येतो. म्हणाले, "अगं, तुझाच तक्ता समोर उघडलाय माझ्या. दुसऱ्या रकान्यात ह्या भुजेपुढे चार-पाच सोडले तर सगळीकडे 'नाही' लिहिलंय. त्यांना कुठे दिसली होती? उगाच माया करू नकोस. संशोधनात माया चालत नाही."

  सर आपलंच घोडं दामटणारे, लोकांच्या कष्टावर नाव लावणारे, हे सगळं खरं. पण त्या क्षणी त्यांच्या हातात जो पुरावा होता, तो मी बनवून दिला होता. बाईंना ती रेघ दिसली होती हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यांतली एक मी, आणि मी ते पुसलं होतं. खरं सांगावं तर माझा प्रबंध अडकतो. दोघींनी स्वतंत्रपणे तपासलं, असं त्यात पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं. गप्प राहावं तर बाई पुन्हा त्या शहाण्यासमोर रिकाम्या हाताने उभ्या. मुलाखत दोन महिन्यांवर आलेली. "बघते सर," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. ह्या दोन शब्दांची मला अजून शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात आजारी असल्याचं कळवलं आणि जुन्या सीबीएस बसस्थानकावरून हरसूलची बस पकडली. सिंहस्थासाठी अख्खं नाशिक खणून ठेवलंय, गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंतच तास गेला. बस बाजाराला निघालेल्या माणसांनी भरलेली. वाघेरा घाटात मी मनात वाक्यं जुळवत होते. गैरसमज झाला. घाई होती. सरांचा दबाव होता. सगळी खोटी नव्हती, पण सगळी स्वतःला वाचवणारी होती.

शाळेत पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मला दारात बघून बाई घाबरल्याच. "काय झालं मॅडम? घरी सगळं बरं हाय ना?" त्यांनी मला टीव्हीच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. धूळ होती. तुमचं बरोबर होतं. तुमचा रकाना मी बदलला.

मला वाटलं होतं धक्का बसेल. बाई स्टुलावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माहीत हाय मला."

पेन ड्राइव्ह. पुढची चित्रं घातली, पण ती बदललेली फाईल काढायची मी विसरले होते. त्यांनी ती त्याच आठवड्यात इथे उघडून बघितली होती.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं माझंच चुकलं. मॅडमनी दुरुस्त केलं, म्हणजे माझंच चुकलेलं असणार. मग मी त्या चित्रांवर परत बसले. दोन आठवडे. तुम्हाला जिथं 'नाही' दिसतं तिथं मला 'आहे' का दिसतं, ते शिकत बसले."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचे सगळे मी तुमच्यासारखे भरले. रेघ दिसायची. पण मॅडम हिला 'नाही' म्हणतील, असं वाटलं की 'नाही' लिहायचे."

सहा महिने. बाईंचा डोळा तयार झाला म्हणून मी मिरवत होते, तेव्हा ती बाई स्वतःला दिसतंय ते न बघायला शिकत होती. एक भुजा नाही, अख्खी खानेसुमारी नासली होती. त्या खोलीत मी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. सरांवरचा राग त्यापुढे फार साधा होता.

मी माफी मागायला लागले. बाईंनी हात वर केला. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "माफी नको. एक फोन करून विचारायचं होतं, बाई, तुम्हाला हे का दिसतंय म्हणून. एक फोन. मी ह्या टीव्हीवर दाखवलं असतं तुम्हाला. मला शिकवायला तुम्ही रविवारी बोलवायच्या. आणि मला विचारायला एक दिवस नव्हता तुम्हाला?"

 

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सर तणतणले, आठवडाभर फोन घेईनात, शेवटी नमले. सगळे गुच्छ आम्ही पुन्हा केले, चित्रं उलटीसुलटी फिरवून, क्रम मोडून, पुन्हा वेगवेगळं बसून, आणि ह्या वेळी तिसरं माणूसही घेतलं. माझा प्रबंध वर्षाने लांबला. शोधनिबंध तीन नावांनी गेला, दुसरं नाव बाईंचं. पण तो छापून येईपर्यंत मुलाखत होऊन गेली होती आणि बाईंना आणखी एक वर्ष थांबावं लागलं. तेवढं एक वर्ष मी त्यांच्या आयुष्यातून खाल्लं. ते भरून देता येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाई म्हणाल्या, "सरांना लिहा. इथंच बसून लिहा, माझ्यासमोर. घरी गेलात की तुमचं मन बदलंल." ते खरंच होतं, म्हणून मला झोंबलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी पत्र लिहिलं. बाईंना धूळ पहिल्यांदा दिसली, त्यांनी 'आहे' असंच लिहिलं होतं, दुसरा रकाना मी बदलला, शोधनिबंधावर त्यांचं नाव असलं पाहिजे, आणि ते नसेल तर माझंही घालू नका. लिहून झाल्यावर मला थोडं बरं वाटलं, जरा धीटपणाही वाटला. मी खुर्ची बाजूला केली आणि बाईंना वाचायला दिलं.

त्यांनी सावकाश वाचलं. मग पडद्यावर एका शब्दावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'माझ्या नजरचुकीने दुसरा रकाना बदलला गेला.'

"हे नाय मॅडम," त्या म्हणाल्या. "नजर तुमची चुकली, ती धूळ बघताना. रकाना तुम्ही मुद्दाम बदलला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'दुसरा रकाना मी मुद्दाम बदलला.' बाईंनी ते पुन्हा वाचलं, आणि पाठवायचं बटण त्यांनीच दाबलं.